‘किती पडले?’च्या पलीकडे

मे-जून महिना आला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. पाऊस कधी पडणार आणि मार्क किती पडले? पहिल्याचं उत्तर वेधशाळेनं द्यायचं असतं. दुसऱ्याचं मात्र घराघरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना द्यावं लागतं. जिन्यात भेटलेल्या वहिनी विचारतात, भाजीवाल्या मावशी विचारतात, गावाहून काकांचा फोन येतो. नव्वद म्हटलं की ‘अरे वा!’ सत्तर म्हटलं की ‘असू दे, बारावीला जोर लाव’ आणि त्याच्याही खाली असेल तर विचारणारा स्वतःच विषय बदलतो. नाक्यानाक्यावर क्लासवाल्यांचे बॅनर झळकतात. त्या बॅनरवर वीस-पंचवीस फोटो असतात. ज्यांचा फोटो नसतो, ती मुलं त्याच रस्त्यानं रोज मान खाली घालून जात असतात, हे आपल्या लक्षातही येत नाही.

मी स्वतः आर्ट्सची. कॉलेजला नाव घातलं तेव्हा ‘आर्ट्सला? का गं, मार्क कमी पडले का?’ हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला की मोजणं सोडून दिलं. ‘मला इतिहास आवडतो’ हे उत्तर कुणाला उत्तर वाटायचंच नाही! आवडणं हे काय कारण झालं? तीस वर्षं होत आली, कॉम्प्युटर आले, मोबाईल आले, पण हा प्रश्न जागच्या जागी आहे. मुलाला काय येतं, त्याला कशात गोडी आहे, हे विचारायच्या आधी आपण किती पडले हेच विचारतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं सरकारलाही कळतं की! खरंच कळतं. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाचं ज्ञान, त्याची क्षमता आणि त्याच्या अंगची प्रतिभा वाढेल असा अभ्यासक्रम हवा, असं म्हटलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या वेगळ्या क्षमता ओळखून त्या फुलवणं, हे अगदी पहिल्या तत्त्वांत सांगितलं आहे. आपल्या राज्यात २०१०-११ पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नाव जड आहे, पण कल्पना साधी. मुलाकडे वर्षभर बघा आणि त्याच्याबद्दल चार वाक्यं लिहा. प्रगतिपत्रकात त्यासाठी रकाने आले. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक.

पण घरातलं प्रगतिपत्रक एकदा काढून बघा. आवड-छंदच्या रकान्यात काय आहे? ‘चित्रे काढतो’, ‘गाणी म्हणते’, ‘गोष्टी सांगतो.’ शेजारच्या मुलाच्या पत्रकातही तेच आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पत्रकातही तेच. कारण अशा वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्याच मिळतात, त्यातलं एक-एक वाक्य उचलायचं आणि रकाना भरायचा! प्रत्येक मूल वेगळं आहे हे सांगण्यासाठी केलेला रकाना, आणि त्यात सगळ्यांना एकच वाक्य.

यात सगळा दोष मी शिक्षकांना देणार नाही. माझी सख्खी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिची धावपळ मी जवळून बघते. खिचडीचा हिशेब, ऑनलाईन माहिती, निवडणुकीचं काम, कसले-कसले सर्व्हे आणि मधल्या वेळात शिकवणं. कायद्यानं प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, पण एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असल्या तर कुणाकडे कधी बघायचं? मूल बघायला वेळ लागतो. आणि आपल्या शिक्षणात सगळ्यात कमी काय असेल तर तो हा वेळ!

वहीचं एक पान

लग्नानंतर मी बोईसरला आले. मिस्टर तारापूरच्या एमआयडीसीत, मी घरी. मुलं मोठी झाली तशी दुपार मोकळी मिळू लागली. आमच्या महिला मंडळातल्या आम्ही पाच जणी गेली काही वर्षं, मधला करोनाचा काळ सोडला तर, जवळच्या वस्तीतल्या समाजमंदिरात दर शनिवारी दुपारी मुलांचा वर्ग घेतो. पस्तीस-चाळीस मुलं येतात. कुणाचे आईवडील कंपनीत रोजंदारीवर, कुणाचे वीटभट्टीवर, कुणाची आई मासळी विकते. वाचन, गणित, थोडे खेळ, थोडी कागदाची-मातीची कामं. फार मोठं काही नाही.

पण आम्ही एक गोष्ट ठरवून केली. दोनशे पानी वही आणली आणि दर मुलाला दोन पानं दिली. दर शनिवारी घरी जाण्याआधी आम्ही पाच जणींनी बसायचं आणि त्या दिवशी ज्या मुलाबद्दल काही नवीन दिसलं असेल ते लिहायचं. नियम एकच. ‘हुशार’, ‘मठ्ठ’, ‘मस्तीखोर’, ‘शांत’ हे शब्द लिहायचे नाहीत. जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहायचं.

करून बघा, सोपं नाही! पहिल्या दिवशी आम्ही पाच बायका, एरवी बोलायला लागलो की थांबत नाही, पण पेन हातात धरून गप्प बसलो होतो. हळूहळू डोळ्यांना सवय झाली. मग दिसायला लागलं की एक मुलगा गोष्ट ऐकताना खाली बघतो, पण शेवट सगळ्यात आधी त्यालाच कळतो. एक मुलगी कागदाची होडी दुसऱ्याला शिकवताना बोलत नाही, फक्त आपला हात हळू चालवते. एकाला ओळीत उभं राहायचा कंटाळा, पण सुटलेली चटई पुन्हा विणायला बसला की तासभर हलत नाही.

सहावीतल्या एका मुलीचं पान मला नेहमी आठवतं. तिची आई सातपाटीहून मासळी आणून बाजारात बसते. सुट्टीच्या दिवशी ही आईच्या शेजारी. शाळेत मात्र गणितात नापासासारखीच. आमच्याकडे तिला ५०० वजा ३६० करायला दिलं, तर तिनं उत्तर लिहिलं २६०. शून्यातून शून्य गेलं शून्य, शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहा तसेच ठेवले, पाचातून तीन गेले दोन. हातचा कुठे घ्यायचा हे तिला कुणी समजेल असं सांगितलंच नव्हतं.

आमच्यातल्या एकीनं वही बाजूला ठेवली आणि विचारलं, “बरं, मला बोंबलाचे तीन वाटे दे. सत्तरला एक. आणि कोलंबीचा एक वाटा दीडशेचा. ही घे पाचशेची नोट.” पोरीनं क्षणभरही विचार केला नाही. “दोनशे दहा नि दीडशे, तीनशे साठ. चाळीस नि शंभर, हे घ्या एकशे चाळीस परत.” तीनशे साठवरून ती आधी चारशेवर गेली आणि मग पाचशेवर. वजाबाकी नव्हेच ती, बेरीज करत वर चढत गेली. मग तिला वही दाखवली. “इथे तू दोनशे साठ परत दिलेस. आई काय म्हणेल?” ती खो-खो हसली. म्हणाली, “आई मारील!”

त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की वहीतलं गणित आणि टोपलीतलं गणित एकच आहे. पुढचे चार-पाच शनिवार आम्ही तिची चढती पद्धत कागदावर कशी लिहायची एवढंच केलं. हातचा त्यानंतर शिकवला.

ही काही आमच्या वस्तीतलीच गोष्ट नाही बरं का! ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला होता. विकताना ती मुलं हिशेबात जवळजवळ चुकत नव्हती. तशीच गणितं कागदावर दिली की गडबडत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आपल्या कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांचा असाच अभ्यास आला. तो करणाऱ्यांत नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लोही आहेत. बाजारातली मुलं तोंडी हिशेबात तरबेज, पुस्तकी गणितात अडणारी. आणि मजा म्हणजे शाळेत जाणारी, पण बाजारात कधी न बसलेली मुलं नेमकी उलट. पुस्तकी गणित बरं, पण बाजारातला हिशेब समोर आला की अडली! म्हणजे शाळा ज्याला हुशारी म्हणते ती अर्धीच. दुसरी अर्धी तिच्या दारात रोज येते आणि तिला दिसत नाही.

याचा अर्थ मुलांना कामाला जुंपावं असा अजिबात नाही. मुलानं शाळेतच असलं पाहिजे. पण शाळेत येताना ते रिकाम्या हातानं येत नाही, एवढं तरी आपण मानायला हवं.

कोसबाडच्या टेकडीवर

हे मानणाऱ्या दोन बायका आमच्या या भागातच होऊन गेल्या, याचा मला फार अभिमान वाटतो. बोईसरहून उत्तरेला गाडीनं निघालं की डहाणू रोड, पुढे घोलवड. तिथून आत कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची ही कर्मभूमी.

ताराबाई पदवीधर, राजकोटला स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराच्या कामात गेल्या. गिजुभाई मूळचे वकील, पण मुलांत इतके रमले की लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशाळ आई म्हणायचे! १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पण शहरातल्या खात्यापित्या घरांतल्या मुलांसाठीच बालशिक्षण का, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेली ही बाई शिकून शिक्षिका झाली होती. पुढे काम कोसबाडला गेलं आणि १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावरही अनुताई १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत, त्याच कामात राहिल्या.

त्यांनी काय केलं? परदेशी पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. आज देशभर रुळलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दाचं मूळ इथलं. थोडी मोठी मुलं गुरं चारायला जातात, शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणात गेली. तिचं नावच कुरणशाळा! गुरंही चरताहेत आणि पोरंही शिकताहेत.

मला यातली जी गोष्ट मोठी वाटते ती अशी, की मूल शाळेत बसत नाही म्हणजे मुलात काही कमी आहे, असं या बायकांनी मानलं नाही. शाळाच मुलाच्या मापाची केली. ते करताना मूल आधी नीट बघितलं. त्याच्या हाताला काय सवय आहे, डोळ्यांना काय ओळखीचं आहे, त्याची भाषा कोणती आहे.

याच डहाणू तालुक्यात गंजाड म्हणून गाव आहे. तिथले जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेली, त्या धक्क्यानं त्यांचं बोलणंच थांबलं आणि ते धुळीत रेघा ओढून मनातलं सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. वारल्यांच्या घरी लग्नात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचा मान सवाशिणींचा. गाणी म्हणणारी धवलेरीही बाईच. म्हणजे ही कला बायकांची. जिव्या पुरुष असून रोज चित्रं काढायचे. १९७० नंतरच्या काळात चित्रकार भास्कर कुलकर्णी सरकारी कामानिमित्त या पाड्यांवर आले, त्यांनी कागद आणि रंग दिले आणि म्हसे यांचा हात त्यांना दिसला. पुढे ती चित्रं देशोदेशी गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

एका बोलत नसलेल्या पोराला आपल्या आजच्या शाळेत काय शेरा मिळाला असता, याचा विचार करा. आणि त्याबरोबर आणखी एक विचार करा. लग्नाचे चौक काढणाऱ्या ज्या कितीतरी सवाशिणी होत्या, त्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

गुणांचं दुकान

इथपर्यंत वाचून काही मैत्रिणी म्हणतील, पटलं गं! आता माझ्या मुलाच्या अंगात कोणता गुण आहे तो शोधूनच काढते. कुठे टेस्ट मिळते?

इथेच जरा थांबा. कारण आता गुण शोधून देण्याचंही दुकान निघालं आहे. बोटांचे ठसे घेतात, कॉम्प्युटरवरून रंगीत पुस्तक छापून देतात आणि तुमचं मूल इतके टक्के संगीत, इतके टक्के गणित असं सांगतात. आमच्या ओळखीतल्या एका घरी पाच वर्षांच्या मुलाचं असं पुस्तक कपाटात जपून ठेवलं आहे. ठशांवरून बुद्धी सांगण्याला विज्ञानाचा काहीही आधार नाही. यात नाव घेतात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं. बुद्धी एक नसून अनेक प्रकारच्या असतात, असं त्यांनी १९८३ साली मांडलं होतं. तो विचार शिक्षकांना आवडला, मानसशास्त्रज्ञांत मात्र त्यावर अजून वाद आहे. पण तो पटो न पटो, त्यात बोटांच्या ठशांचा काही संबंध नाही. मुलाला मार्कांच्या चौकटीतून काढून टक्क्यांच्याच दुसऱ्या चौकटीत कोंबलं, तर बदललं काय?

दुसरं दुकान छंदवर्गांचं. सोमवारी कीबोर्ड, मंगळवारी अबॅकस, बुधवारी कथक, गुरुवारी बुद्धिबळ. मूल बिचारं रिक्षातच डबा खातं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा किती चांगल्या! पण त्यांचे दहावीला वाढीव गुण मिळायला लागल्यापासून काही घरांतून क्लास लावतानाच विचारतात, “बाई, याचे दहावीला किती मार्क वाढतील?” म्हणजे फिरून भोपळे चौकात. रंगाच्या डब्यातही आपण मार्कच शोधतो.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मुलातला गुण ओळखणं म्हणजे त्याला बाकीच्यातून सूट देणं नव्हे. ‘याच्या हातात कला आहे, याला अभ्यास कशाला?’ असं वाक्य सुखवस्तू घरात खपून जातं. कारण तिथे पाठीशी बाप असतो, घर असतं. वस्तीतल्या मुलाच्या बाबतीत ते घातक आहे. वाचता न येणाऱ्या कलाकाराला त्याच्या चित्राची किंमत दुसराच कुणी सांगतो आणि कागदावर अंगठा घेतो. लिहिता, वाचता, हिशेब करता येणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. तिथे सगळ्यांना सारखं मिळालंच पाहिजे. प्रश्न आहे तो त्यापर्यंत प्रत्येकाला एकाच रस्त्यानं, एकाच वेगानं ओढत नेण्याचा आणि त्याच्या पलीकडे काही बघायचंच नाही असं ठरवण्याचा. मासळीवालीच्या पोरीला वजाबाकी यायलाच हवी. पण तिथपर्यंतचा तिचा रस्ता टोपलीवरून जातो.

‘पोर कामाची आहे’

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. मुलाच्या अंगी काही असलं की त्याला गुण म्हणतात. मुलीच्या अंगी असलं की तिला ‘कामाची’ म्हणतात!

आमच्याकडे एक मुलगी यायची, तेव्हा नववीत होती. धाकट्या दोन भावंडांना घेऊन यायची. आम्ही पाच जणी मिळून जी पोरं आवरत नाहीत, ती हिच्या एका हाकेत गोलात बसायची. दोघं भांडली की ही मध्ये पडायची नाही, दोघांना एकच काम सांगायची. पाच मिनिटांनी भांडण विसरलेलं! कुणाच्या पोटात दुखतंय, कोण उपाशी आलंय, हे तिला आमच्या आधी कळायचं. वहीत तिची दोन पानं कधीच भरून गेली, तिसरं जोडावं लागलं.

तिच्या आईला भेटायला गेलो तर त्या म्हणाल्या, “पोर कामाची आहे हो माझी. घर सगळं तीच बघते. आता दहावी झाली की कुठंतरी चांगलं बघायचं नि उजवून टाकायचं.” यात त्या माउलीची माया होती, हेही खरं. आम्ही वाद घातला नाही. वहीतली तिची पानं वाचून दाखवली. तारखेसकट. पोरीनं कधी काय केलं ते. आई ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “हे सगळं ही करते? घरात करते ते मी बघते, पण त्यात काही विशेष आहे असं कुणी बोललंच नाही कधी.”

ती मुलगी दहावीला ४८ टक्क्यांनी पास झाली. बॅनरवर अर्थातच नाही. पण आज अकरावी आर्ट्सला आहे, शनिवारी छोट्यांचा गट तीच घेते आणि तिला लहान मुलांच्या शिक्षणातच पुढे शिकायचं आहे. लग्नाचा विषय घरात अजून निघतो. निघतो आणि तूर्त मागे पडतो. पुढचं आज सांगता येत नाही.

सगळ्याच पानांचं असं होत नाही. चौथीतला एक मुलगा होता. पावसाळ्यात तो आमच्यासाठी रानभाज्या आणायचा. शेवळं कुठे उगवतात, कंटोळीचा वेल कसा ओळखायचा, सगळं त्याला ठाऊक. शेवळात काकडं घातली नाहीत तर घसा खवखवतो, हे त्यानं आमच्यातल्या दोघी शहरी बायकांना शिकवलं. शाळेत परिसर अभ्यास नावाचा विषय आहे, त्यात त्याची सगळ्यात खालची श्रेणी! दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर तो वीटभट्टीवर गेला. त्याच्या पानावर नोव्हेंबर ते मे एकही ओळ नाही. जूनमध्ये आला तेव्हा वाचन निम्मं विसरला होता. पुढच्या वर्षी आलाच नाही. वीटभट्टीच्या हंगामात मुलांना गावातच ठेवण्यासाठी वसतिगृहाची सोय वेळेवर झाली, तर अशी किती पानं रिकामी राहणार नाहीत! मूल हाताशी असेल, तरच त्याच्यातलं काही दिसणार ना?

आपल्या हातात काय आहे?

अभ्यासक्रम बदलणं, शिक्षक वाढवणं हे सरकारचं काम. ते मागत राहायलाच हवं. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात आणि त्यात निम्म्या जागा बायकांच्या असतात, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं. त्या बैठकीला सही करून परत येऊ नका. आवड-छंदच्या रकान्यात माझ्या मुलाबद्दल काय लिहिलं आणि ते कधी दिसलं, एवढं प्रेमानं विचारा. भांडणाच्या सुरात नको, शिक्षकही माणूसच आहे. उलट घरी दिसलेलं तुम्ही त्यांना सांगा. चाळीस मुलांत जे त्यांना दिसत नाही, ते तुम्हाला दिसतं.

घरी एक वही करा. रोज नको, आठवड्यातून एकदा. मूल कशात रमलं, कुठे अडलं, अडल्यावर त्यानं काय केलं, एवढंच लिहा. शेजारच्या मुलाशी तुलना नाही, विशेषणं नाहीत. सहा महिन्यांनी मागची पानं वाचा. कुठल्याही ठशांच्या पुस्तकापेक्षा जास्त कळेल आणि वीस रुपयांत होईल.

मुलाला रिकामा वेळ द्या. रिकामा म्हणजे मोबाईलशिवायचा रिकामा. कंटाळलं तर कंटाळू द्या. घरात दोरी, कात्री, जुने कागद, माती, बिघडलेला रेडिओ असं काहीबाही हाताला लागेल असं ठेवा. थोडा पसारा होईल, सासूबाई बोलतील, पण चालायचंच.

आणि एखादी गोष्ट मुलाला मनापासून आवडली, तर निदान एक वर्ष तिची परीक्षा देऊ नका. सर्टिफिकेट नको, स्पर्धा नको, पाहुण्यांसमोर ‘जरा म्हणून दाखव’ नको. रोप लावल्यावर रुजलं का ते बघायला कुणी रोज उपटून बघत नाही.

शक्य असेल त्या मैत्रिणींनी आपल्या जवळच्या वस्तीत, अंगणवाडीत, शाळेत आठवड्यातून दोन तास द्यावेत. शिकवता येत नसलं तरी हरकत नाही. नुसतं मुलांत बसायचं आणि बघायचं. आपण बायका दुधाकडे नुसतं बघून सांगतो की आता उतू जाणार, भाकरी हाताला लागताच सांगतो की पीठ जुनं आहे. बघण्याची ही सवय आपल्याकडे आहेच, ती मुलांसाठी वापरायची.

आमच्या वर्गात या जूनपासून अकरा नवीन मुलं आली आहेत. त्यांची पानं आखून ठेवली आहेत. वर नाव, खाली तारीख आणि बाकी कोरं. शनिवारी दुपारी तीन वाजता बघायला सुरुवात करायची.